आशिओची खाण व वातारासेचें पाणी

नदीचें मूळ व ऋषीचें कूळ विचारूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींच्या कुळाविषयीं येथें आम्हांस कांहींच बोलावयाचें नाहीं. परंतु नदीचें मूळ कधीं कधीं विचारावेंच लागतें, व तें विचारल्याबद्दल कष्टाळू, शांत माणसांना तुरुंगही पाहावा लागतो, याची साक्ष जपानच्या अर्वाचीन इतिहासांत ठळक अक्षरांनीं लिहिलेली आहे.

तांबें हा आपल्या घरांतला किती जुना सोबती आहे, हें सांगावयास नको. देवघरांतील ताम्हन व पळी-पंचपात्र, न्हाणीघरांतील बंब, पाण्याची घागर या सर्वांत त्याचा वास. शिवाय तांब्याचें भांडें शुद्ध, ही भावना आहेच. भांडें घेतांना तांबटाची कारागिरी आपण निरखून पाहतों. पण हें तांबें कोणत्या डोंगरांतून निघालें व तेथें मागें काय ठेवून आलें, असा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. सतराव्या शतकांत डच व्यापारी नागासाकीच्या बंदरांतून जपानी तांबें भरून आणीत आणि आपल्या सुरतेच्या बाजारांतही तें विकीत. त्या काळीं जपानांत तांब्याच्या ज्या मोठ्या खाणी चालत होत्या, त्यांपैकीं आशिओची खाण ही एक होय. तिचीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

आशिओ हें तोक्योच्या उत्तरेस सुमारें शंभर किलोमीटरांवर, तोचिगी प्रांतांतल्या डोंगरांत वसलेलें गांव. निक्को हें प्रसिद्ध तीर्थस्थान त्याच्या शेजारींच आहे. आशिओच्या डोंगरांतून वातारासे नदी निघते, खालीं कांतोच्या विस्तीर्ण मैदानांत उतरते आणि पुढें तोने या मोठ्या नदीस मिळते. इ. स. १६१० मध्यें दोघां शेतकऱ्यांना येथें तांबें सांपडलें, अशी परंपरागत समजूत आहे. तोकुगावा सरकारनें खाण आपल्या ताब्यांत घेतली, आणि शतकाच्या अखेरच्या भागांत तिचें उत्पन्न वर्षास सुमारें १,५०० टनांपर्यंत चढलें. पुढें मात्र शिरा आटत गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आशिओ म्हणजे पडक्या बोगद्यांचें एक ओसाड गांव, एवढीच त्याची ओळख उरली होती.

या ओसाड जागेवर १८७७ मध्यें फुरुकावा इचिबेई या गृहस्थाची नजर गेली. लहानपणीं टोफू विकत फिरलेला हा मनुष्य विलक्षण जिद्दीचा होता. ज्या पेढीच्या नोकरींत तो वर आला होता ती बुडाली, तरी तो खचला नाहीं. शिबुसावा एइइची या नामांकित सावकाराचें साह्य मिळवून त्यानें ती टाकून दिलेली खाण विकत घेतली. पहिल्या वर्षीं पन्नास टनही तांबें निघालें नाहीं. परंतु १८८१ व १८८४ मध्यें तांब्याच्या भरघोस शिरा लागल्या आणि फुरुकावाचें नशीब पालटलें. १८८८ मध्यें जार्डिन मॅथेसन या इंग्रज व्यापारी कंपनीशीं १९,००० टन तांबें पुरविण्याचा करार झाला. १८९० मध्यें खाणीवर जलविद्युत् केंद्र उभें राहिलें. वर्षाचें उत्पन्न पांच हजार टनांवर गेलें. तांबें हा तेव्हां जपानच्या निर्यातींतील एक मुख्य जिन्नस होता. त्या पैशानें परदेशची यंत्रें व लढाऊ जहाजें घेतां येत. तेव्हां देशानें फुरुकावाला ‘तांब्याचा राजा’ म्हणून डोक्यावर घेतलें, यांत नवल नव्हतें. आम्हीही त्याला जन्मतः दुष्ट ठरवूं इच्छीत नाहीं. त्यानें केलें तें त्याच्या युगास पराक्रमच वाटला. पण पराक्रमाचें बिल कोणाच्या नांवावर पडलें, हेंही पाहावयास हवें.

आशिओचें तांबें गंधक व लोखंड यांच्याशीं जखडलेलें असतें. शिवाय त्याच्याबरोबर आर्सेनिक म्हणजे सोमल, शिसें, जस्त व कॅडमियम हे सोबतीही थोडथोड्या प्रमाणांत येतात. दगड फोडून त्यांतला कामाचा अल्प भाग काढून घ्यावयाचा आणि उरलेला चुरा दरीखोऱ्यांत लोटून द्यावयाचा, ही खाणीची रीत. धातू गाळण्यास कोळसा हवा, बोगद्यांना टेकू हवे, म्हणून भोंवतालचें अरण्य तोडलें गेलें. भट्ट्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या धुरानें उरलेलीं झाडें करपलीं, आणि १८८७ च्या वणव्यानें त्यांत भर घातली. धुराच्या वाटेवर असलेलें मात्सुकी नांवाचें गांव विसावें शतक उजाडतां उजाडतां उठून गेलें. झाडांचीं मुळें मातीस धरून ठेवतात. तीं गेल्यावर माती वाहून गेली आणि डोंगराचा नुसता सांपळा राहिला. त्यावर पडलेला पाऊस क्षणभरही न थांबतां खालीं धांवूं लागला, व जातांना दरींतला खाणीचा चुरा बरोबर घेऊन जाऊं लागला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. वातारासेच्या कांठच्या शेतकऱ्यांना पूर हा पूर्वीं शत्रु वाटत नसे. दर कांहीं वर्षांनीं नदी पात्र सोडून शेतांत शिरे, थोडें नुकसान करी, पण डोंगरावरील अरण्याची काळी, पानांच्या खताची माती पसरून जाई. त्या मातीवर पुढील पिकें खतावांचून येत. नदींत मासे विपुल असत. तुतीचे मळे व रेशमाचे किडे यांवर कित्येक घरें चालत. म्हणजे पूर हें नदीचें देणें होतें. खाण वाढली, आणि तोच पूर, त्याच वाटेनें, त्याच शेतांत विष घेऊन येऊं लागला. ज्या हातानें आजवर घांस भरविला त्याच हातानें विष द्यावें, तसें हें झालें.

१८८५ च्या उन्हाळ्यांत नदींतील मासे मरून वर आल्याची बातमी वर्तमानपत्रांत झळकली. १८९० च्या ऑगस्टांत मोठा पूर आला, आणि पाणी ओसरल्यावर शेतांत भात उभें राहीना. पाटाचें पाणी ज्या तोंडानें वाफ्यांत शिरतें, तेथलीं रोपें आधीं मरत, आंतलीं मागाहून. पाण्यांतलें तांबें प्रवेशाशींच मातीस चिकटून बसतें, हें शास्त्र शेतकऱ्यांस ठाऊक नव्हतें. पण विष कोणत्या दारानें आलें, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांनीं शेताचा वरचा थर खरवडून बांधाच्या कडेस ढीग घातले. त्या ढिगांना लोक ‘विषाच्या समाध्या’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखूं लागले. कोणी खोल खड्डा खणून वरची माती खालीं पुरली व खालची निर्मळ माती वर आणली. एवढा खटाटोप करावा आणि पुढच्या पुरानें पुन्हां सर्व पूर्ववत् व्हावें! राजधानींतील कृषिरसायनाचे अध्यापक कोझाई योशिनाओ यांनीं मातीचें पृथक्करण करून तींत तांबें असल्याचा निर्वाळा दिला. शेतकऱ्यांच्या डोळ्यांना दिसलेलें आतां प्रयोगशाळेलाही दिसलें.

या लोकांना जो वाली मिळाला, त्याचें नांव तानाका शोझो. १८४१ मध्यें तोचिगी प्रांतांतल्या एका गांवच्या मुखियाच्या घरीं त्याचा जन्म झाला. जमीनदाराच्या जुलमाविरुद्ध बोलल्यामुळें त्यानें तरुणपणींच तुरुंग पाहिला. पुढें खुनाच्या खोट्या आळावरून तो पुन्हां कांहीं वर्षें कोंडला गेला, आणि स्माइल्सच्या ‘सेल्फ-हेल्प’चें जपानी भाषांतर त्यानें त्याच कोठडींत वाचलें. वर्तमानपत्र, प्रांतिक सभा, अशा पायऱ्या चढत तो १८९० मध्यें जपानच्या पहिल्या लोकसभेंत निवडून आला. १८९१ च्या डिसेंबरांत त्यानें सभागृहांत सरळ प्रश्न विचारला: प्रजेच्या मालमत्तेचें रक्षण करण्याचें वचन राज्यघटनेंत आहे, मग या खाणीचा परवाना सरकार रद्द कां करीत नाहीं?

तेव्हांचे शेती व व्यापार खात्याचे मंत्री मुत्सु मुनेमित्सु हे होते. आणि त्यांचा दुसरा मुलगा फुरुकावा इचिबेईनें दत्तक घेतलेला होता! सरकारचें उत्तर असें आलें कीं, नुकसान झालें हें खरें, परंतु त्याचें कारण निश्चित झालेलें नाहीं. चौकशी चालू आहे. आणि खाणवाल्यांनीं परदेशांतून धातूचा चुरा धरून ठेवणारीं यंत्रें मागविलीं आहेत. वाचकांनीं या उत्तराची घडण नीट पाहावी. दुःख कबूल, कारण नाकबूल, आणि उपाय अपराध्याच्याच हातीं! ज्या ज्या देशांत खाणींचें पाणी नदींत उतरलें, त्या त्या देशांत हें उत्तर थोड्या फार फरकानें दिलें गेलें आहे.

दुसरा उपाय पैशाचा. १८९२ पासून गांवोगांव तडजोडी झाल्या. थोडी रक्कम घ्यावी व कांहीं वर्षें तक्रार करूं नये. पुढें तर कायमचीच तक्रार करूं नये, असे कागद लिहून घेण्यांत आले. भुकेला मनुष्य कागदावर अंगठा उठवितो, त्यांत त्याची संमति किती व भूक किती, हें ठरविणें कठीण आहे. पण कागदानें माणसांचीं तोंडें बंद झालीं तरी नदीचें तोंड बंद झालें नाहीं. १८९६ मध्यें त्याहून मोठे पूर आले आणि विष कित्येक प्रांतांत पसरलें.

मग लोक उठले. १८९७ च्या मार्चांत हजारों शेतकरी पायीं तोक्योस निघाले. मंत्री एनोमोतो ताकेआकी यांनीं स्वतः जाऊन तीं शेतें पाहिलीं आणि परत येऊन राजीनामा दिला. सत्तेवर असलेल्या माणसानें डोळ्यांनीं पाहून लाजावें, असा प्रसंग इतिहासांत विरळा. म्हणून तो नोंदवून ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें. त्याच मे महिन्यांत सरकारनें ३७ कलमांचा हुकूम काढला: गाळ बसण्याचे हौद बांधा, पाणी गाळा, धुरांतला गंधक काढा, मुदतींत न केल्यास खाण बंद. फुरुकावानें हजारों मजूर लावून मुदत पाळली. परंतु धुरांतला गंधक काढणारे मनोरे निरुपयोगी ठरले, आणि पूर्वींच दरींत पडलेल्या चुऱ्याचे डोंगर जेथल्या तेथेंच राहिले. बैल गेला आणि झोंपा केला, अशांतली ही गत! पुढें येणारें विष थोडेंबहुत अडलें. आधीं आलेलें मात्र कोणीं उचललें नाहीं.

१३ फेब्रुवारी १९०० रोजीं उनर्यूजी या देवळापासून पुन्हां मोठा जमाव राजधानीकडे निघाला. कावामाता येथें पोलिसांनीं त्यास अडवून झोडपून काढलें आणि पन्नासांवर लोकांवर खटले भरले. चारच दिवसांनीं तानाकानें सभागृहांत विचारलें कीं, देश बुडत आहे याची सरकारला जाणीव तरी आहे काय? पंतप्रधानांनीं प्रश्नाचा अर्थ कळत नाहीं असें उत्तर दिलें. खटल्याच्या वेळीं न्यायालयांत जांभई दिली म्हणून तानाकाला चाळीस दिवसांची शिक्षा झाली. ती भोगतांना त्यानें बायबलाचा नवा करार वाचला, व तें पुस्तक शेवटपर्यंत त्याच्या झोळींत राहिलें.

१९०१ च्या ऑक्टोबरांत त्यानें सभासदत्व सोडलें. १० डिसेंबर रोजीं सम्राट् मेइजी लोकसभेचें उद्घाटन करून परतत असतां एक साठ वर्षांचा म्हातारा, काळा पोशाख केलेला, हातांत अर्ज उंच धरून बग्गीकडे धांवला. तोच तानाका. अर्जाचा मसुदा पत्रकार कोतोकु शुसुई यानें लिहिला होता. म्हातारा अडखळून पडला, शिपायांनीं त्याला धरलें. अर्ज सम्राटाच्या हातीं पडला नाहीं. खटला भरावा तर सर्व प्रकरण न्यायालयांत उघडें होणार. म्हणून सरकारनें त्याला वेडा ठरवून सोडून दिलें. शहाण्याला वेडा म्हटलें कीं त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावें लागत नाहीं.

आतां शेवटचा व सर्वांत विलक्षण उपाय. १९०२ मध्यें नेमलेल्या दुसऱ्या चौकशी-मंडळानें विषाचा प्रश्न बाजूस सारून पुराचा प्रश्न पुढें केला. पुराचें पाणी सांठवावयास मैदानांत एक विस्तीर्ण जलाशय हवा. त्यासाठीं नदीच्या संगमाजवळचें यानाका हें गांव बुडवावयाचें! सुमारें २,७०० वस्तीच्या या गांवानें विषाविरुद्धच्या चळवळींत नेटानें भाग घेतला होता. आतां खाण चालूच राहणार, आणि घरें मात्र विषानें पीडलेल्यांचींच जाणार. चोर सोडून संन्याशाला फांसी, याहून निराळें नांव त्यास देतां येत नाहीं. तानाका १९०४ मध्यें त्या गांवांत राहावयास गेला. १९०६ मध्यें कागदोपत्रीं गांव नाहींसें झालें; १९०७ च्या जून-जुलैंत, शेवटपर्यंत न हललेलीं सोळा घरें सरकारी माणसांनीं उतरविलीं. त्या वेळचे गृहमंत्री हारा ताकाशी हे मंत्री होण्यापूर्वीं फुरुकावाच्या कंपनींत वरिष्ठ अधिकारी होते. घरें मोडलीं तरी ती माणसें झोंपड्या घालून तेथेंच राहिलीं, व तानाका त्यांच्या संगतींत राहिला. विस्थापितांपैकीं कांहीं कुटुंबें १९११ मध्यें होक्काइदो बेटावर, थंडीच्या मुलखांत, रानें तोडून वस्ती करावयास गेलीं.

४ सप्टेंबर १९१३ रोजीं तानाका वारला. त्याच्या उशाशीं असलेल्या झोळींत नवा करार, राज्यघटनेची प्रत, कांहीं रोजनिशा, एक अपुरा लेख आणि नदीकांठचे तीन लहान दगड निघाले. आयुष्यभर नदीसाठीं झगडलेल्या मनुष्याची एवढीच इस्टेट!

इतिहासाची पुस्तकें बहुधा येथें पान उलटतात. आमच्या मतें मात्र या कथेचा खरा अर्थ पुढच्या प्रकरणांत आहे. १९५६ मध्यें भट्ट्यांची नवी पद्धत आली व धुरांतल्या गंधकाचें तेजाब करूं लागले. डोंगरांवर धूर थांबला. परंतु दोनच वर्षांनीं, १९५८ च्या मे महिन्यांत, गेंगोरोझावा येथील चुऱ्याचा ढीग कोसळून वातारासेंत वाहून गेला आणि सुमारें सहा हजार हेक्टर भातशेतीचें नुकसान झालें. तानाकाच्या पिढीचे नातू पुन्हां संघटना करून उभे राहिले. १९७१ मध्यें त्या भागांतल्या तांदुळांत कॅडमियम सांपडलें. १९७३ च्या फेब्रुवारींत खाण बंद झाली. १९७४ मध्यें सरकारी लवादापुढें कंपनीनें ९७१ शेतकऱ्यांना १५५ कोटी येन देण्याचें मान्य केलें, आणि नुकसानीची जबाबदारी प्रथमच पतकरली. १८९० च्या पुरापासून मोजलें तर तेव्हां ८४ वर्षें झालीं होतीं.

खाण बंद, भरपाई दिली. आतां तरी कथा संपली काय? नाहीं. ११ मार्च २०११ रोजीं जपानच्या ईशान्येस प्रचंड भूकंप झाला, त्याच्या धक्क्यानें तोच गेंगोरोझावाचा ढीग पुन्हां ढांसळला, आणि नदीच्या पाण्यांत शिशाचें प्रमाण मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आढळलें. खाण बंद होऊन तेव्हां ३८ वर्षें लोटलीं होतीं. ज्यानें तो ढीग घातला, त्याच्या हाडांचीही माती झाली होती. ढीग मात्र आपलें काम करीतच होता.

असें कां होतें, हें समजून घेणें कठीण नाहीं. डोंगराच्या पोटांत असेपर्यंत गंधकयुक्त दगडाला वारा लागत नाहीं. तो फोडून चुरा केला कीं त्याला हवा व पाणी दोन्ही मिळतात, आणि त्यांच्या संयोगानें गंधकाचें तेजाब बनूं लागतें. तें तेजाब दगडांतलें तांबें, शिसें, कॅडमियम विरघळवून पाण्यांत सोडतें. ओसाड बोगद्यांत झिरपणाऱ्या पाण्याचेंही तेंच. या क्रियेस मालक लागत नाहीं, मजूर लागत नाहीं, परवाना लागत नाहीं. दगडांतला गंधक संपेपर्यंत ती चालते, आणि तो संपावयास शतकें लागतात. शिवाय प्रेत कुजून माती होतें, लांकूड जळून राख होतें. पण शिसें कुजत नाहीं, सोमल जळत नाहीं. धातू आपली जागा बदलते, आपला स्वभाव बदलीत नाहीं. म्हणूनच आशिओच्या बंद बोगद्यांतून येणारें पाणी आजही चुना घालून शुद्ध करावें लागतें, व त्यांतला गाळ निराळा सांठवावा लागतो. खाणींत काम करणारा एकही मजूर उरला नाहीं, पण खाणीच्या पाण्यावर काम करणारे मजूर मात्र अजून लागतात.

यावरून आम्हांस जो बोध होतो, तो थोडक्यांत सांगतों. खाणीचा हिशेब मांडणारे लोक तांबें विकून आलेला पैसा त्याच वर्षीं जमेस धरतात. पण खर्चाची बाजू ते खाण मिटली कीं मिटवितात. वास्तविक ती बाजू त्या दिवशीं कोठें सुरू होते! तो खर्च ज्यांनीं तांब्याचा एक पैसाही पाहिला नाहीं, त्यांच्या शेतांवर व त्यांच्या नातवंडांवर पडतो. दुसरें असें कीं, वातारासेच्या लोकांना जीं उत्तरें मिळालीं, म्हणजे कारण सिद्ध नाहीं, रक्कम घ्या व गप्प बसा, हुकूम काढला आहे, आणि अखेरीस गांवच हलवा, त्यांपैकीं एकानेंही दरींतला ढीग हलला नाहीं. माणसें हलविणें सोपें, ढीग हलविणें महाग. एवढ्या एका वाक्यांत आशिओचें राजकारण सांगतां येईल. देशाला तांबें नको होतें असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या विजेच्या दिव्याखालीं आम्ही हें लिहीत आहों, त्याच्या तारेंतही तांबेंच आहे. परंतु तांबें ज्याला हवें, त्यानें त्याच्यामागें राहणाऱ्या ढिगाचीही काळजी घेतली पाहिजे, आणि ती खाण चालू असतांनाच घेतली पाहिजे. कारण खाण मिटल्यावर जबाबदार मनुष्य हुडकावा लागतो, विष मात्र हुडकावें लागत नाहीं.

यानाका गांवाच्या जागीं आज लव्हाळ्यांचें विस्तीर्ण रान आहे. पक्ष्यांचें आश्रयस्थान म्हणून २०१२ मध्यें त्याची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत झाली. तेथें बांधलेल्या तळ्याच्या एका बाजूस खांच आहे. जुन्या रहिवाशांच्या वंशजांनीं गांवचें स्मशान बुडूं देण्यास नकार दिला, म्हणून तळ्यास वळसा घालावा लागला. त्या गवतांत अजून थडगीं उभीं आहेत. तिकडे आशिओच्या उघड्या डोंगरांवर १९९६ पासून सामान्य नागरिक दर वसंतांत पाठीवर माती वाहून नेतात व झाडें लावतात. उतारावर माती उरलेली नसल्यानें ती खालून न्यावी लागते.

आणि तो अर्ज? तो सानो शहराच्या वस्तुसंग्रहालयांत जपून ठेवला आहे. २०१४ च्या मे महिन्यांत सम्राट् अकिहितो तेथें गेले आणि आपल्या पणजोबांच्या हातीं न पडलेला तो कागद त्यांनीं पाहिला. शंभरांहून अधिक वर्षांनीं अर्ज सम्राटाच्या दृष्टीस पडला! ज्या नदीविषयीं तो लिहिला होता, तिच्या मुळाशीं तेव्हांही खाणीचें पाणी चुन्यानें धुणें चालूच होतें.